‘अत्यंत’ न टाइप करणाऱ्या बाई

माझ्या लिखाणातला एक शब्द बाईंनी कधीच टाइप केला नाही. तो शब्द म्हणजे ‘अत्यंत’.

“‘अत्यंत’ला किती कळा दाबाव्या लागतात ठावं हाय का तुला?” त्या विचारायच्या. “आणि एवढं करून हाताला लागतं काय? गोड म्हंजे गोड. चहात दोनदा साखर घातली म्हणून त्याचा पेढा होतो व्हय?”

मग त्या माझा कागद खिडकीच्या उजेडाकडं धरायच्या आणि तो शब्द जिथं जिथं असेल तिथं नखानं रेघ ओढायच्या. पेननं नव्हे, नखानं. दुसऱ्याच्या लिखाणावर शाई लावायचा टायपिस्टला अधिकार नाही, असं त्यांचं मत होतं. शब्द वगळायचा मात्र आहे. तो कुणी दिला, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

बारामतीत मंडईमागच्या गल्लीत एक पिठाची गिरणी होती आणि तिच्या माडीवर बाईंचा टायपिंगचा क्लास. अकरा मशीन, त्यातली तीन इंग्रजी. खाली गिरणी सुरू झाली की माडीच्या फळ्या थरथरायच्या आणि मशिनांच्या घंट्या कुणी हात न लावता किणकिणायच्या. ज्वारीच्या पिठाचा एक बारीक थर सगळ्यावर असायचा. दर तासाला बाई पदर खोचून फडकं मारायच्या आणि म्हणायच्या, “पीठ खाली, अक्षरं वर. मिसळलं की भाकरी बी बिघडते आणि अर्ज बी.”

मी तिथं लेखिका व्हायला गेले नव्हते. नव्वद सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. लग्न होऊन काटेवाडीला आले होते. बी.ए. झालेली सून घरात बसून काय करणार, म्हणून सासऱ्यांनीच सुचवलं, टायपिंगची परीक्षा दे, कुठं तरी शाळेत लागशील. नवरा पहाटे दूध संकलनाला जायचा, सकाळी नऊला येऊन मला सायकलवरून फाट्यापर्यंत सोडायचा. तिथून मी एस.टी.नं बारामतीला.

पहिले पंधरा दिवस बोटांचे धडे. तीच तीच अक्षरं, कागदभर. सोळाव्या दिवशी मला त्याचा इतका कंटाळा आला, की मी धडा सोडून आमच्या शेजारणीच्या म्हशीविषयी टाइप करायला लागले. ती म्हैस घरात पाहुणे आले की दूध चोरायची. पाहुणे गेले की भरभरून द्यायची. शेजारीण तिला ‘आमच्या सासूबाई’ म्हणायची.

मागून बाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही.

“हे कुठल्या धड्यात हाय?”

मी घाबरून कागद ओढायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

“ओढू नको, रोलर खराब होतो. आधी सांग, पुढं काय झालं?”

“कशाचं?”

“म्हशीचं! पाव्हणं आलं, तितं थांबलीयास. पुढं?”

“पुढं काही नाही बाई. मी असंच…”

“असंच म्हंजे? अर्धं लिवून उठायचं न्हाय हितं. पुरं कर, मग घरी जा.”

मी पुरं केलं. दोन एस.टी. चुकल्या. बाईंनी तो कागद वाचला, चार ठिकाणी नख ओढलं, स्वतः मशीनवर बसल्या आणि दहा मिनिटांत स्वच्छ प्रत काढून माझ्या हातात दिली. वर एका मासिकाचा पत्ता टाइप केलेला होता. पुढच्या महिन्यात ती म्हैस छापून आली.

तेव्हापासून बाईंच्या लेखी माझी टायपिंगची परीक्षा दुय्यम झाली. मी ती पास झाले, हे त्यांना मी सांगितल्यावर कळलं.

माणसांची नावं त्या लक्षात ठेवायच्या नाहीत. गाव ठेवायच्या. मी ‘काटेवाडी’. पेरूच्या बागेवर शेतीमासिकात लिहिणारे साठीचे एक शेतकरी होते, ते ‘पिंपळीचे आबा’. इंदापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर असलेला एक तरुण कवी होता, तो नुसताच ‘इंदापूर’. एकाच गावची दोघं आली तर पंचाईत व्हायची. मग दुसऱ्याला त्या सरळ शेजारच्या गावचा करून टाकायच्या.

बाई तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. उंच, काळ्यासावळ्या, पांढऱ्या काठाचं सुती लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ. बोलणं पार गावाकडचं, पण टाइप केलेल्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडायची नाही. वडलांचा मेंढ्यांचा कळप होता. लहानपणी आठ-आठ महिने त्या कळपामागं रानोमाळ चालल्या होत्या. शाळा चौथीपर्यंत, तीही तुकड्यातुकड्यानं. वाचायला मिळायचं ते वाण्याकडच्या पुड्यांचे कागद. साखर डब्यात ओतली की त्या पुडी सोडवून मांडीवर सरळ करायच्या.

“पर गोष्ट कवाच पुरी नसायची,” एकदा त्यांनी सांगितलं. “कुणी तरी विहिरीत पडलेलं असायचं आणि कागद फाटलेला. पुढची पुडी घ्यावी तर तितं सिनेमाची जाहिरात. त्या विहिरीतल्या बाईला कुणी काढली का न्हाय, अजून ठावं न्हाय मला.”

हे सांगताना त्या हसत होत्या, पण मला तेव्हा समजलं, अर्ध्या लिखाणाचा त्यांना एवढा राग का येतो.

लग्नाविषयी त्यांनी एकच वाक्य सांगितलं होतं. “त्याला मी चालले न्हाय, मला तो. तीन महिन्यांत दोघंबी सुटलो.” त्यानंतर त्या बारामतीत एका मामांकडं राहून टायपिंग शिकल्या, कचेरीबाहेर छत्री लावून अर्ज टाइप केले, आणि त्यातून हा क्लास उभा केला.

आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांसाठी बाईंकडं एक पेटी होती. जुन्या चहाची, पत्र्याची. तिच्यात पोस्टकार्डाच्या आकाराचे पुठ्ठे, आणि एकेका पुठ्ठ्यावर एकेक मासिक, साप्ताहिक, पुरवणी. नुसता पत्ता नव्हे. त्या संपादकाची कुंडली. ‘दिवाळीसाठी जूनच्या आत पाठवणे, नंतर उघडत नाहीत.’ ‘पाककृती सोडून बायकांचं काहीही चालतं, आठशे शब्द.’ ‘पत्रात स्तुती केली तर लेख वाचत नाहीत.’ ‘पोच येते, मानधन येत नाही, दोनदा आठवण करावी, तिसऱ्यांदा लेख देऊ नये.’ ही माहिती त्यांनी वीस वर्षं लोकांची पाकिटं टाइप करता करता जमवली होती. कुणाचा लेख परत आला की त्या सोबतची चिठ्ठी मागून घ्यायच्या आणि पुठ्ठ्यावर नवी ओळ लिहायच्या. पेटी कुणालाही उघडता यायची. फक्त बघून झाल्यावर स्वतःला कळलेली एखादी नवी गोष्ट सांगायची, असा नियम होता. पिंपळीच्या आबांनी एकदा सांगितलं, “पुण्याच्या त्या संपादकांना पेरू आवडत न्हायत, दात दुखतात.” बाईंनी तेही लिहून ठेवलं.

शब्दकोश होता. तो खिडकीच्या गजाला मेंढीच्या दाव्यानं बांधलेला. “चांगलं जनावर आणि चांगलं पुस्तक, दोन्ही लोक न इचारता नेतात,” असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं शब्द बघायचा तर खिडकीशी उभं राहूनच बघावा लागायचा, आणि खालून जाणारी माणसं वर बघून विचारायची, “काय ताई, सापडला का?”

आणि परत आलेल्या लेखांचा कायदा होता. लेख परत आला तर तो घरात मुक्कामाला ठेवायचा नाही. त्याच दिवशी, चारचं टपाल निघायच्या आत, दुसऱ्या पत्त्यावर.

“अवो बाई, निदान एकदा वाईट तरी वाटू द्या,” पिंपळीचे आबा एकदा म्हणाले.

“वाटू द्या की. पाकीट चिकटवता चिकटवता वाटू द्या.”

बाईंचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. कविता त्यांना चालायची नाही. कवितेत अर्धा कागद मोकळा जातो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. इंदापूरचा कंपाउंडर पहिल्यांदा वही घेऊन आला तेव्हा त्यांनी ती उघडून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “ह्या वळी पुढपर्यंत का जात न्हायत? मधीच दमतात व्हय?” मुलं हसली. तो बिचारा कान लाल करून उठला आणि गेला. पुन्हा आठवडाभर आला नाही.

त्याची वही मात्र टेबलावर राहिली होती. बाईंनी ती नेहमीच्या सवयीनं पुरी वाचली. आठव्या दिवशी मी गेले तर त्या मशीनवर बसून ती वही टाइप करत होत्या. ओळी होत्या तशाच, मधेच थांबणाऱ्या. मला म्हणाल्या, “चल माझ्यासंगं इंदापूरला.”

दवाखान्यात ही गर्दी. तो बाटल्यांवर खुणेच्या कागदी पट्ट्या चिकटवत होता. बाई रांगेतून सरळ पुढं गेल्या. बाकावरच्या लोकांना वाटलं, कुणी तरी गंभीर आजारी आहे.

“इंदापूर,” बाई म्हणाल्या, “माझं चुकलं. ती जी औषधाच्या बाटलीवरची हाय न्हवं, ‘हलवून घ्या’ म्हणणारी, ती मी चार वेळा वाचली. तितं वळ थांबती ते बरोबर हाय. तितं माणसाचा श्वासच थांबतो.” आणि त्यांनी पिशवीतून टाइप केलेल्या कवितांचा गठ्ठा काढून त्याच्यासमोर ठेवला. “दोन प्रती हायत. कार्बन माझ्याकडं.”

त्यानं गठ्ठा उचलून पहिलं पान वाचलं, मग दुसरं.  शेवटी बाकावरची एक म्हातारी म्हणाली, “अवो, काय लिवलंय ते आमाला बी ऐकवा की. डागदर यायला येळ हाय.” मग त्यानं तिथंच वाचली. लोक खोकायचं थांबले नाहीत, पण कडव्याच्या मधे खोकायचं टाळत होते. परतीच्या एस.टी.त बाई खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, “कागद मोकळा ऱ्हातो, पर वाया जात न्हाय.”

चांगलं लिखाण ओळखायची बाईंची स्वतःची एक परीक्षा होती. दर सोमवारी अकराला, क्लास भरलेला असताना, ज्याचं लिखाण तयार असेल त्यानं मधे उभं राहून ते मोठ्यानं वाचायचं. बाकीच्यांनी टायपिंग चालू ठेवायचं. अकरा मशिनांचा खडखडाट आणि खाली गिरणी. आवाज चढवून वाचता वाचता घसा सुकायचा. वाचता वाचता मशिनं आपोआप थांबली तर लेख पाठवायचा. नाही थांबली तर घरी न्यायचा. परीक्षा जवळ आलेली ती मुलं, त्यांना आमच्या साहित्याशी काय देणंघेणं! म्हणूनच बाईंचा त्यांच्यावर विश्वास.

माझ्यासाठी एकही मशीन थांबलं नाही, असे सलग सात सोमवार गेले. मी ‘स्त्रीचे स्थान’ लिहिलं, ‘बदलते खेडे’ लिहिलं, ‘श्रावणातला निसर्ग’ लिहिला. खडखडाट उलट वाढला.

“तू हे कुणासाठी लिवतीस?” बाईंनी आठव्या सोमवारी विचारलं.

“वाचकांसाठी.”

“त्यातला एक दाखव मला. न्हाय दाखवता येत? मग असं कर. आज स्टँडवर जा, आणि चार तास एका माणसाकडं बघ. कुठल्या बी. त्याला काय येतं, ते लिवून आण.”

मी चौकशीच्या खिडकीतल्या तात्यांकडं बघत बसले. गाड्यांची नावं माइकवर पुकारणारे ते तात्या. रोज शंभर गाड्या पुकारायचे, पण स्वतः इंदापूरच्या पुढं कधी गेले नव्हते, कारण गाडी लागते, उलटी होते. गावांची नावं ते अशी घ्यायचे की जणू प्रत्येक गावात त्यांची एकेक बहीण दिलीय. नरसिंहपूरची गाडी लागली की म्हणायचे, “ढकलाढकली करू नका, देव कुठं जात नाही.” म्हाताऱ्या बायका गाडीत चढण्याआधी खिडकीशी येऊन त्यांना सांगून जायच्या, “जाते बरं का तात्या.” मी चौथ्या तासाला वही बंद केली तेव्हा तात्या माइक बंद करून म्हणाले, “पोरी, तुझी गाडी कुठली? तीन तर माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.”

पुढच्या सोमवारी मी ते वाचलं. दुसऱ्या परिच्छेदाला खिडकीजवळचं एक मशीन थांबलं. मग मागची दोन. ‘देव कुठं जात नाही’ या वाक्यापर्यंत सगळी थांबली होती आणि नुसती गिरणी चालू होती. मला पुढचं दिसेना, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. बाई मात्र कोरड्या आवाजात म्हणाल्या, “थांबू नको. पुरं कर.”

लेख पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीला पाठवला. बाईंच्या पद्धतीनं, म्हणजे कार्बन प्रत घरी, मूळ प्रत रजिस्टर पोस्टानं, पोचपावती जोडून. पोचपावती शिक्का मारून परत आली. त्यानंतर सात आठवडे काही नाही.

आठव्या रविवारी मी बाजाराला गेले होते. स्टँडवर तात्यांनी मला खिडकीतून हाक मारली. ते खूश होते आणि गोंधळलेही होते. हातात पुरवणी.

“माझ्यावर आलंय बघ, एवढं कौतुक. पर हे नाव कुणाचं हाय? हा माणूस तर मला कवा भेटला न्हाय.”

लेख माझा. शब्द न् शब्द माझा. खाली नाव एका अनोळखी पुरुषाचं.

मी तशीच माडीवर गेले. रविवारी क्लास बंद असायचा, बाई मशिनांना तेल देत होत्या. मी पुरवणी त्यांच्यासमोर टाकली आणि रडायला लागले. मला वाटलं, त्या जवळ घेतील. त्यांनी आधी लेख पुरा वाचला.

“एक ‘अत्यंत’ घातलाय त्यानं,” त्या म्हणाल्या. “तेवढाच त्याचा.” मग तेलाचे हात पुसले. “रडून झालं का? उद्या सकाळची पयली गाडी. नवऱ्याला सांगून ये.”

नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “डबा दोघींचा ने. पुण्यात जेवायला वेळ मिळंल न मिळंल.”

सकाळी स्टँडवर आम्ही चढलो आणि माइक खरखरला. “पुण्याची गाडी फलाटावर लागलेली आहे. पुढच्या दोन जागा बाईंसाठी सोडाव्यात. कामाला निघाल्यात.” गाडीतल्या एका माणसानं खरोखरच उठून जागा दिली. त्याला काम काय ते ठाऊक नव्हतं, पण तात्या म्हणाले म्हणजे असेल.

बाईंनी उभ्या आयुष्यात संपादकाचं कार्यालय पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या अशा शिरल्या जणू तिथली भिंत त्यांनीच बांधलीय. शिपायानं विचारलं, “वेळ घेतलीय का?” बाई म्हणाल्या, “वेळ आमच्याकडं हाय. घेऊन बसतो,” आणि बाकावर बसल्या. दीड तासानं आत बोलावलं.

पुरवणीचे संपादक सडपातळ, थकलेले, टेबलावर कागदांचा ढीग. बाईंनी त्या ढिगाकडं असं बघितलं, जसं एखादी सुगरण दुसरीच्या पसरलेल्या स्वयंपाकघराकडं बघते. मग पिशवीतून कार्बन प्रत काढली. रजिस्टरची पावती. शिक्क्याची पोचपावती. छापलेली पुरवणी. चारही कागद एकाशेजारी एक मांडले आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

संपादकांनी दोन्ही मजकूर शेजारी धरून वाचले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी घंटी वाजवून कुणाला तरी बोलावलं. एक चुणचुणीत तरुण उपसंपादक आला, छापलेल्या लेखाखालचं नाव त्याचंच होतं. कागद बघताच त्याचा रंग बदलला.

“सर, अक्षरजुळणीत नावांची अदलाबदल झाली असेल. एका लेखाचं नाव दुसऱ्याला…”

“असंल की,” बाई समजूतदारपणे म्हणाल्या. “एवढ्या कागदांत व्हतं. मग तुमचा लेख हिच्या नावावर कुठं छापलाय, तेवढा दाखवा. आमी घेऊन जातो.”

  त्या तरुणानं मान खाली घातली.

“तू बाहेर थांब,” संपादक त्याला म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी बाईंकडं वळून विचारलं, “आपण यांच्या वकील आहात का?”

“न्हाय. टायपिस्ट.”

संपादक पहिल्यांदाच हसले. मग गंभीर होऊन त्यांनी माझी माफी मागितली.  मी “असू द्या” म्हणणार, एवढ्यात टेबलाखाली बाईंचं पाऊल माझ्या पावलावर पडलं.

“माफी हिनं घेतली,” बाई म्हणाल्या. “आता छापायचं बघू. दुरुस्ती याच पानावर, याच जागी. ज्या जाडीच्या अक्षरात नाव चुकलं, त्याच जाडीच्या अक्षरात बरोबर व्हायला पायजे. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढं न्हाय चालणार. आणि त्या पोराला कामावरनं काढू नका.”

“का बरं?” संपादकांना नवल वाटलं.

“त्याला चांगला लेख वळखता येतो. ते तुमच्याकडं सगळ्यांना येत असंल असं वाटत न्हाय. त्याला नुसतं शिकवा, की ज्याचं त्याला द्यायचं असतं.”

संपादकांनी टाचणाची वही ओढली आणि माझ्याकडं बघून विचारलं, “स्टँडवर आणखी कोण कोण माणसं आहेत हो?” मी घडाघडा सांगायला लागले. बूट शिवणारा, उसाचा रस विकणारी, सामानाच्या खोलीवरचे बहिरे काका. ऐकता ऐकता ते म्हणाले, “मग असं करा, पंधरा दिवसाला एक माणूस पाठवा.”

माझं सदर असं सुरू झालं. मी हो म्हणायच्या आत बाईंनी तीन गोष्टी त्यांच्याकडून वदवून घेतल्या. छापल्यावर महिन्याच्या आत मानधन, अंकाच्या दोन प्रती, आणि न विचारता एकही शब्द वाढवायचा नाही. कमी केला तर चालेल.

बाहेर पडून आम्ही एका बागेच्या कठड्यावर बसून डबा उघडला. बाईंनी भाकरी मोडली आणि तशीच डब्यात परत ठेवली. 

“बाई, काय होतंय?”

“काय न्हाय गं. भ्याले व्हते.” आणि त्या हसायला लागल्या, एवढ्या, की शेजारी बसलेलं कॉलेजातलं जोडपं उठून दुसरीकडं गेलं. “त्यानं जर इचारलं असतं, ‘बाई, तुमचं शिक्षण किती,’ तर मी काय सांगणार व्हते? चौथी, ती बी मेंढ्यांनी पुरी होऊ दिली न्हाय!”

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापून आली, त्याच जागी, तेवढ्याच जाड अक्षरात. तात्यांनी स्टँडवर ती माइकवरून वाचली. वाचून झाल्यावर इंदापूरच्या गाडीचं नाव पुकारायला ते विसरले आणि लोक धावत सुटले.

त्या काळात मी बाईंना अनेकदा विचारलं, तुम्ही स्वतः का लिहीत नाही? एवढ्या गोष्टी तुमच्यापाशी. त्या प्रत्येक वेळी वेगळं उत्तर द्यायच्या. एकदा म्हणाल्या, रिबन संपलीय. एकदा म्हणाल्या, पेटीत माझ्यासाठी पुठ्ठा न्हाय. एकदाच, मशीनवर झाकण घालता घालता, खरं वाटेल असं बोलल्या. “मला दुसऱ्याचं पुरं झालेलं बघायला लई आवडतं. स्वतःचं लिवणारी माणसं पुष्कळ हायत. पुरं करून घेणारं एखादंच असतं.”

दशक संपत आलं तशी गावात संगणकाची दुकानं निघाली. क्लासची मुलं तिकडं गेली. आम्हाला वाटलं, बाई खचतील. त्यांनी एका आठवड्यात क्लास आवरला. “मशिनं म्हातारी झाली,” म्हणाल्या, “मी न्हाय.” एकेक मशीन एकेकाला देऊन टाकलं. पेटीतले सगळे पुठ्ठे आधी प्रत्येकाला स्वतःसाठी उतरवून घ्यायला लावले आणि मग पेटी पिंपळीच्या आबांना दिली. आबांची होणारी नातसून पत्रकार होती, तिला लागेल म्हणून. बाई स्वतः भावाकडं नरसिंहपूरला राहायला गेल्या.

मी तोवर एका शाळेत कारकून झाले होते. सदर चालू होतं, आणखी तीन ठिकाणी नेमानं लिहीत होते, आणि नोकरी न् लिहिणं दोन्ही एकदम जमेना. नोकरी सोडून नुसत्या लिहिण्यावर राहावं का, हा प्रश्न वर्षभर डोक्यात घोळत होता. एका सुट्टीच्या दिवशी उठले आणि नरसिंहपूरची गाडी पकडली.

देवळामागच्या घाटावर, जिथं नीरा भीमेला मिळते, तिथं कपडे धुणाऱ्या बायकांची गर्दी होती. बाईंच्या वहिनी पायरीवर टॉवेल घेऊन बसल्या होत्या, कपाळाला आठ्या.

“बाई कुठंयत?” मी विचारलं.

त्यांनी नदीकडं बोट केलं. “त्या बघा. वय साठ, आणि थेरं बघा.”

पाण्यात एक पांढरं डोकं आणि त्याच्यामागं एक पत्र्याचा रिकामा डबा तरंगत होता. बाई कंबरेला डबा बांधून पोहायला शिकत होत्या. मला बघताच त्यांनी हात वर केला, लगेच बुडायला लागल्या आणि घाईनं पुन्हा पाणी कापू लागल्या.

“काटेवाडी! बोल, काय काम काढलंस?”

मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून, ओरडून ओरडून, माझा वर्षभराचा प्रश्न त्यांना सांगितला. धुण्याच्या बायकांनी कान टवकारले.

“नेमानं छापणाऱ्या जागा किती?”

“चार.”

“घरात दाणा किती दिवसांचा?”

“वर्षाचा भरलाय.”

“नवऱ्याला इचारलंस?”

“विचारलं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, बाईंना विचारून ये.”

बाई इतक्या हसल्या, की त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या. “वन्सं, पुरं झालं आता, निघा बाहीर!”

“थांब गं,” बाई खोकत म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, “चार जागा, वर्षाचा दाणा, आणि असला नवरा! आणि हितं येऊन मला इचारतीस? सोड की नोकरी. आता कुणी हाक मारू नका मला. त्या खडकापतूर जायचंय.”

खडक फार लांब नव्हता. पंधरा-वीस हात असेल. त्या निघाल्या. पाय जरा जास्तच आपटत होत्या, डबा कधी डावीकडं, कधी उजवीकडं उलटत होता. मधे एकदा त्या थांबल्या तेव्हा घाटावरच्या सगळ्या बायकांचे हात धुण्यावरच थबकले. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. बाईंनी तोंडातलं पाणी फुर्रकन उडवलं, पुन्हा हात टाकला, आणखी एक, आणखी एक, आणि खडकाला हात लावला.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी सगळ्यात जोरात.